परवडणारा कॅमेरा घ्यायचाय? आधी घरातला उजेड मोजा

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो "बजेट किती?" आणि दुसरा "मेगापिक्सेल किती पाहिजेत?" हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी ठरवायचं ते हे, की तुमचे बहुतेक फोटो कुठल्या उजेडात निघणार आहेत. नागपुरात उजेडाची दोन टोकं आहेत: बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि घरात दिवेलागणीनंतरची एक ट्यूबलाइट. उन्हात १५ हजारांचा कॅमेराही छान फोटो काढतो. पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात ते ट्यूबलाइटखाली.

घरचे वाढदिवस, टान्हा पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेली पोरं, फुटाळ्यावरची संध्याकाळ, रामटेकची एका दिवसाची सहल, असे फोटो ज्यांना हवे आहेत आणि ज्यांनी आजवर फक्त फोन वापरला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर तो हिशेब वेगळा.

उजेड मोजायचा तो फोननेच

रात्री आठच्या सुमारास, घरात नेहमी लागतात तेवढेच दिवे लावून, बसायच्या खोलीत फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने एक फोटो काढा. नाइट मोड बंद ठेवा. मग गॅलरीत त्या फोटोची माहिती उघडा. तिथे तीन आकडे दिसतील: अ‍ॅपर्चर, शटरचा वेळ आणि आयएसओ. पहिला म्हणजे लेन्सचं भोक (एफपुढचा आकडा लहान तेवढं ते मोठं), दुसरा उजेड आत येण्याचा वेळ आणि तिसरा कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो ते. समजा एफ/१.८, १/५० सेकंद आणि आयएसओ २५० दिसलं. एका ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण याच्या आसपासचे आकडे येतात.

आता हेच गणित कॅमेऱ्यावर करून पाहू. पोर एका जागी बसत नाही, म्हणून १/५० ऐवजी निदान १/१०० तरी हवं. वेळ निम्मा झाला की आयएसओ दुप्पट होतो, म्हणजे ५००. पण स्वस्त कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी किट लेन्स (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद) झूम केल्यावर एफ/५.६ वर जाते. एफ/१.८ च्या तुलनेत ती जवळजवळ दहावा हिस्साच उजेड आत घेते. मग आयएसओ ५०० चा ५००० होतो. फोटोत दाणे दिसतात, चेहऱ्याची कातडी मेणासारखी होते आणि "यापेक्षा फोन बरा" असं वाटू लागतं. दोष कॅमेऱ्याचा नसतो, त्यावर लावलेल्या लेन्सचा असतो.

तुमच्या फोनवर १/५० ला आयएसओ १०० च्या आसपास आला, तर घरात उजेड भरपूर आहे आणि किट लेन्सवर भागेल. २५० किंवा त्याच्या वर गेला, तर मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्ससाठी पैसे बाजूला काढूनच कॅमेरा निवडा.

शटर १/१०० च का, याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० वर असेल तर प्रत्येक फोटोला सारखा उजेड मिळतो. १/५०० वर नेलं की फोटोत आडवे पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ आणि पुढचा मंद निघतो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या, नव्या पद्धतीच्या) कॅमेऱ्यात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, की हा त्रास हमखास होतो.

सेन्सर: इथे कंजुषी नको

स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंच नावाचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) असतो. त्याचं प्रत्यक्ष माप सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. एक इंची सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, क्षेत्रफळाने त्याच्या चौपट. डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) आणि बऱ्याच मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिमी असतो (कॅननचा किंचित लहान, २२.३ × १४.९). हल्लीच्या बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला सेन्सर १/२.३ इंचापेक्षा मोठा असतो, शिवाय फोन अनेक फोटो एकत्र करून दाणे कमी करतो. म्हणून १/२.३ इंची कॅमेरा नवा घेतला, तर झूम सोडून फोनपेक्षा जास्त काही हाती लागत नाही. तो घ्यायचा तर फक्त झूमसाठी. अंबाझरीवर किंवा गोरेवाड्यात पक्षी टिपायचे असतील तर निकॉन पी९०० सारखा ८३ पट ऑप्टिकल झूमचा कॅमेरा दिवसाउजेडी मजा देतो. उजेड उतरला की तो थकतो.

मेगापिक्सेलचं ओझं डोक्यावरून उतरवून टाका. ४ × ६ इंची छापील फोटोला सुमारे २ मेगापिक्सेल पुरतात, ए-४ आकाराला ९ च्या आत. २०१० नंतरचा कुठलाही डीएसएलआर यापेक्षा जास्तच देतो.

जुन्या डिजिकॅमची सध्या हौस आहे. घ्यायला हरकत नाही, पण आधी कार्ड कुठलं लागतं ते पाहा. एक्सडी कार्ड आता बनत नाहीत. आणि त्यात एसडी कार्ड चालत असलं, तरी बरेच जुने कॅमेरे ३२ जीबीपुढचं कार्ड ओळखत नाहीत.

व्ह्यूफाइंडर हवाच

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात ही गोष्ट बहुधा सुटते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहानंतर झिरो माइलपाशी उभं राहून कॅमेऱ्याचा पडदा पाहायचा प्रयत्न केला, तर त्यात आपलाच चेहरा दिसतो. फोनचे पडदे आता खूप प्रखर झाले आहेत, परवडणाऱ्या कॅमेऱ्यांचे तेवढे नाहीत. डोळा लावून बघायचं भिंग नसेल तर फ्रेम अंदाजानेच धरावी लागते. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० दोन्ही चांगले कॅमेरे आहेत, पण दोन्हींत व्ह्यूफाइंडर नाही. ते मुख्यतः व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी बनवले आहेत. सोनी ए६०००, कॅनन आर१०० आणि आर५० मध्ये तो आहे. डीएसएलआरमध्ये तर असतोच.

चष्मा लावत असाल तर व्ह्यूफाइंडरशेजारी डायऑप्टरची छोटी चकती आहे का ते पाहा. ती फिरवून आतली अक्षरं स्पष्ट करून घ्यायची असतात. कॅनन ३०००डी मध्ये ही सोय नाही, आणि त्याचा लेन्स अडकवायचा माउंटही प्लास्टिकचा आहे. स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊ नये.

मग घ्यायचं काय

खिसा लहान असेल तर वापरलेला डीएसएलआर हा आजही सगळ्यात शहाणा सौदा आहे. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या अवस्थेतले डीएसएलआर बाजारात भरपूर आहेत. निकॉन डी३४०० किंवा डी३५०० आणि त्यावर ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स लेन्स, घरातल्या फोटोंसाठी आमची पहिली पसंती या जोडीला. डी३५०० ची बॅटरी निकॉनच्या मोजणीप्रमाणे एका चार्जिंगवर १५५० फोटो देते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर दिवसभर थांबलात तरी ती संपणार नाही. सोनी ए६००० ची याच्या चौथ्या हिश्शाइतकीही चालत नाही, त्यामुळे तो घेतलात तर जास्तीच्या दोन बॅटऱ्यांचा खर्च धरून चाला.

३५ मिमीच का? खोलीच्या मापामुळे. १० × १२ फुटांच्या खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी समोरचा माणूस फार तर अडीच मीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर ३५ मिमी लेन्समध्ये सुमारे पावणेदोन मीटर रुंदी मावते: तिघं शेजारी बसलेले, कंबरेपर्यंत. कॅननवाल्यांना सगळेच ५० मिमी एफ/१.८ एसटीएम सुचवतात. लेन्स उत्तम आहे, पण त्याच खोलीत तिच्यात १.१ मीटरच मावतं. बाळाचा एकट्याचा फोटो सुरेख येतो, केक कापतानाचं कुटुंब येत नाही. कॅननची २४ मिमी एफ/२.८ एसटीएम चपटी आणि हलकी आहे, तिच्यात २.३ मीटर मावतं. मात्र किट लेन्सच्या तुलनेत त्याच झूमवर ती दुप्पटच उजेड देते. निकॉनची ३५ मिमी किटच्या सहापट देते. फरक इथे पडतो.

निकॉनमध्ये एक मेख आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. एएफ-डी लिहिलेली जुनी लेन्स स्वस्त दिसली म्हणून उचलली, तर ती हातानेच फोकस करावी लागेल. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं असू द्या. एएफ-पी घेताना मात्र डी३२०० सारखी जुनी बॉडी नको, तिच्यावर या लेन्स नीट चालत नाहीत.

किट लेन्स घेताना तिच्यावरची अक्षरं वाचा: कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर. हात हलल्याने होणारा धूसरपणा हीच यंत्रणा कमी करते. दिसायला अगदी तशाच, पण ही अक्षरं नसलेल्या १८-५५ लेन्सही फिरतात.

खिशात मावणारा कॅमेरा हवा असेल तर वापरलेला सोनी आरएक्स१०० (२०१२ चा पहिला) किंवा कॅनन जी७एक्स मार्क-२ पाहा. दोघांचा सेन्सर एक इंची. आरएक्स१०० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर उचलायचा व्ह्यूफाइंडर आला, म्हणून थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्यावी. नवाच हवा आणि बजेट ५० हजारांच्या आसपास असेल तर कॅनन आर१०० किटसह विचारात घ्या. त्याचा पडदा वळत नाही आणि त्याला टच नाही, हे आधीच माहीत असू द्या. कॅनन एम५० स्वस्तात मिळतो, पण त्याची ईएफ-एम मालिका कॅननने गुंडाळली. लेन्स आधीच मोजक्या होत्या, आता नव्या येणार नाहीत.

फ्लॅश लावायचा विचार असेल तर हॉट शूच्या (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मधोमध धातूची गोल टिकली आहे का ते बघा. कॅनन १५००डी आणि २००डी मार्क-२ मध्ये ती नाही, त्यामुळे एकाच पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यांच्यावर पेटत नाहीत. टिकली असलेल्या कॅमेऱ्यावर साधा फ्लॅश लावून त्याचं तोंड पांढऱ्या छताकडे वळवलं, की खोलीभर मऊ उजेड पसरतो. भारी लेन्सपेक्षा हा उपाय अनेकदा स्वस्त पडतो.

वापरलेला कॅमेरा तपासताना

बर्डीवर दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन जाहिरात पाहून, कॅमेरा हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. "अ‍ॅडव्हान्स टाका, कुरियरने पाठवतो" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. दिवसा जा. सोबत स्वतःचं एसडी कार्ड, छोटी टॉर्च आणि एक वर्तमानपत्र न्या. पाऊण तास लागेल, घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

१. बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर बिल आणि बॉक्सवरच्या नंबराशी ताडून पाहा. बिलच नसेल तर चोरीचा माल असण्याची शक्यता गृहीत धरा.

२. तळाचे आणि माउंटभोवतीचे स्क्रू पाहा. त्यांच्या खाचा झिजल्या असतील तर कॅमेरा उघडला गेला आहे. का उघडला, ते विचारा.

३. लेन्स काढून मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, अशी लेन्स घेऊ नये. सगळी काच दुधाळ दिसली तर आत धूसरपणा चढला आहे, उजेडासमोर फोटो फिके येतील. आयएस किंवा व्हीआरवाली लेन्स हलवल्यावर किंचित खुळखुळते, त्यात बिघाड नाही.

४. वर्तमानपत्र भिंतीवर सपाट चिकटवून कॅमेरा त्याच्या अगदी समोर धरा. एफ/५.६ वर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर ठीक. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स केव्हातरी पडली आहे आणि आतली काच कलली आहे. ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि फसगत नेमकी इथेच होते.

५. आयएसओ १००, एफ/१६, फोकस मुद्दाम बिघडवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ करता येते, तेवढी किंमत कमी करून मागा. मग लेन्सला टोपण लावून आयएसओ १६०० वर ३० सेकंदांचा फोटो घ्या. थोडे रंगीत ठिपके येणारच. पण एखादी अखंड रेघ दिसली तर सेन्सर बिघडला आहे, कॅमेरा परत द्या.

६. शटर किती वेळा उडालं ते पाहा. या वर्गातल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण १ लाखापर्यंत चालेल असं धरतात. निकॉनच्या जेपीईजी फाइलमध्येच हा आकडा असतो, काउंट दाखवणाऱ्या वेबसाइटवर फाइल टाकली की कळतो. कॅननच्या स्वस्त मॉडेलमध्ये तो फोटोत नसतो, यूएसबी जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. फाइलच्या नावातल्या आकड्यावर विसंबू नका, तो ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीला येतो. २०-३० हजारांच्या आत असेल तर निश्चिंत घ्या.

७. बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवा. डुगडुगली तर फुगली आहे. कार्डाच्या खाचेत टॉर्चने पाहा, एखादी पिन वाकलेली नको. प्रत्येक बटण, चकती आणि वर उघडणारा फ्लॅश एकदा चालवा. पकडीचं रबर सुटलं किंवा चिकट झालं असेल तर भाव करायला ते पुरेसं कारण आहे.

नवा घेताना जीएसटीचं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड दोन्ही मागा. "दुकानाची वॉरंटी" म्हणत स्वस्तात देऊ केलेला माल बहुधा परस्पर बाहेरून आणलेला असतो, आणि बिघडल्यावर कंपनी तो विनामूल्य दुरुस्त करून देत नाही. दुरुस्ती नागपुरातच होते की कॅमेरा बाहेरगावी पाठवावा लागतो, हेही तेव्हाच विचारून घ्या.

कार्ड नावाजलेल्या कंपनीचं, ३२ किंवा ६४ जीबीचं, यू३ किंवा व्ही३० लिहिलेलं घ्या. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत. नवं कार्ड संगणकावर फाइल टाकून काठोकाठ भरा आणि सगळ्या फाइल उघडतात का ते पाहा. नकली कार्ड ६४ जीबी दाखवतं, पण थोड्या फाइलनंतर पुढचं सगळं हरवतं.

पहिल्या दिवशीची मांडणी

तारीख आणि वेळ बरोबर लावा. फोटोचा दर्जा जेपीईजी फाइन ठेवा, सोबत रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) पण ठेवलं तर पुढे शिकताना कामी येईल. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (निकॉनवर ए, कॅननवर एव्ही; भोक तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. ऑटो आयएसओमध्ये किमान शटर ठरवायची सोय असेल तर तिथे १/१०० टाका. ती नसेल तर घरात शटर प्रायॉरिटी वापरा, निकॉनवर एस आणि कॅननवर टीव्ही. ट्यूबलाइटखाली चेहरे हिरवट आले तर व्हाइट बॅलन्स ऑटोवरून फ्लुरोसंटवर न्या. दुपारी बाहेर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, माणसाला कडुनिंबाच्या सावलीत उभं करा किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश भर उन्हातही लावा.

नागपूरच्या हवेत जपायचं कसं

बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंत वापरायला बनवलेले असतात. नवतपात आपला पारा ४५ च्या घरात असतो. कॅमेरा बाहेर काढू नये असं नाही, पण वापरात नसताना तो पांढऱ्या कापडाखाली किंवा सावलीत ठेवा. दुचाकीच्या डिक्कीत तर कधीच ठेवू नका: वरून ऊन, खालून इंजिनची धग आणि वर रस्त्याचे धक्के. बॅटरी फुगते ती तिथेच. बंद कारच्या डॅशबोर्डवरही हीच गत.

बुरशी पावसाळ्यातच लागते असा समज आहे. आपल्याकडे एप्रिलपासून घराघरांत कूलर चालतो आणि वाळ्याच्या ताट्या दिवसभर खोलीत दमट हवा सोडतात. त्या खोलीतल्या कपाटात, चामड्याच्या बॅगेत ठेवलेली लेन्स ऐन उन्हाळ्यात बुरशी धरू शकते. कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या, ६० च्या वर जाऊ देऊ नका. सिलिका जेलचा रंग बदलला की ते कापडी पिशवीतून ताटलीत काढून ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर दोन तास तापवा, पूर्ण थंड झाल्यावरच परत डब्यात ठेवा. जुलैत एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून न्या आणि अर्ध्या तासाने काढा, नाहीतर काचेवर दव जमतं.

मारबतीच्या मिरवणुकीत किंवा गणपती विसर्जनात गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. एकच लेन्स लावून घरून निघा, पुढे यूव्ही फिल्टर आणि बॉडीभोवती पॉलिथिनची पिशवी, रबरबँडने बांधलेली. झूमची नळी आतबाहेर होताना गुलाल ओढून घेते, म्हणून त्या दिवशी झूम न होणारी लेन्स बरी. घरी आल्यावर ओलं कापड लावायचं नाही, गुलालाचा चिखल होऊन फटींत बसतो. आधी ब्लोअरने हवा मारा, मग मऊ कोरड्या ब्रशने झटका, आणि शेवटी मायक्रोफायबरने पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब काचेवर बसतात.